लाहौलच्या कामाविषयी तू विचारलंस

मोरवा, भाईंदर
९ एप्रिल १९६९

चि. द्वारकेस दादाचे आशीर्वाद.

वर आधी 'सौ.' लिहिलं गेलं, ते खोडलंय. सहा महिने झाले तरी हाताची सवय मोडत नाही. रागावू नकोस.

इकडे ठीक. आमच्या शेवंतीचा खोकला उतरलाय. आपल्या बाजूची दोन्ही मिठागरं बंदच आहेत, माणसं पारावर बसून विड्या ओढतायत.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. तुझा दीर सदू हिमालयात लाहौलला रस्त्याच्या कामावर जाऊ म्हणतो, काम कसं आहे ते कळव, असं विचारलंयस. तुझी आणि सासूची चूल त्याच्या एकट्याच्या हातावर पेटते. उत्तराला इतके दिवस लावायला नको होते.

काम आहे. मे महिन्यात घाट उघडला की बर्फ पडेपर्यंत. मजुरी मिठागरापेक्षा चांगली. रेशन, तंबू, बूट मिळतात. कंत्राटदाराचा मुकादम पुन्हा आलाय आणि रविवारच्या सभेत मीच बोलावं म्हणतो. "शिवदासभाऊ, गेल्या साली तुम्ही बोललात आणि एकेचाळीस माणसं उभी राहिली. मी घसा फोडला असता तरी चार आली नसती."

खरं आहे. पहिला उभा राहिला तो तुझा महिपत.

काय काय बोललो मी त्या दिवशी! पुस्तकांत वाचलेले जगातले सगळे मोठे रस्ते मैदानात आणून अंथरले. मुकादम बिचारा बूट उंच धरून सांगत होता, हे घातल्याशिवाय तिथल्या पाण्यात उतरू नका. माणसं हसली. मिठागरात वहाणा घालून कोण उतरतं? मी ते हसू उचललं. म्हणालो, "मिठानं भाजलेल्या पायांना बर्फाची भीती कोणी घालू नये!" टाळ्या पडल्या, द्वारके. इतक्या टाळ्या मला कधीच मिळाल्या नव्हत्या.

महिपत दरडीखाली गेला नाही.

तुझ्या अंगणात, सगळ्यांदेखत, तसं मीच सांगितलं. "क्षणात गेला, त्याला कळलंही नाही." तू तेवढंच धरून बसलीस. त्याच्याबरोबर लाहौलला गेलेला धर्माजी माझ्या शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

झालं ते असं. ऑक्टोबरात एका ओढ्याचं पाणी नव्या रस्त्याची कड खाऊ लागलं. महिपत म्हणाला, बांध घालू. बूट काठावर काढले आणि उतरला. धर्माजी ओरडला, तर म्हणाला, "बुटाला काय कलतं रं? पानी कुटं झिरपतं तं पायालाच कललं पायजे." आपले बापजादे असेच बांध घालत आले, पायानं फट शोधून. दुपारभर तो बर्फाच्या पाण्यात होता. पाय दुखायचे थांबले तेव्हा त्याला वाटलं, सवय झाली. वर हसून म्हणाला, "भाऊ बोलला तंच खरा. मिठाचं पाय हायेत हे."

पाय काळे पडले. घाट बर्फानं बंद झाला होता, दवाखाना पलीकडे. अकरा दिवस तो जिवंत होता. बांध टिकला का, एवढं रोज विचारायचा. टिकला होता.

तुला धक्का सोसणार नाही म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं. मला तुझ्या नजरेला नजर द्यायची नव्हती. आणि आता ती दरड नशिबाची समजून सदू माझ्याच शब्दांवर निघालाय.

त्याला जाऊ नको म्हणायला माझ्याकडे दुसरं काम नाही. हे पत्र मात्र त्याला वाचून दाखव, मग त्यानं ठरवावं. रविवारी मी बोलणार आहे. महिपतचे पाय कसे गेले, तेवढंच बोलणार आहे. मुकादम शिव्या देईल.

आणखी एक. महिपतनं शेवटी तुझ्यासाठी काही निरोप दिला होता. धर्माजी तो मला सांगत नाही. "वहिनींनाच सांगीन," म्हणतो. माझं बिंग फुटेल म्हणून सहा महिने मी त्याला तुझ्याकडे येऊ दिलं नाही. तुझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द मी अडवून धरले.

हे पत्र घेऊन धर्माजीच येतोय. त्याला आत घे, त्याचं सगळं ऐक. मला पुन्हा दारात उभं करायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

शिवदास