सहा तारांना लावलेली शिस्त

बुधवार, ६ मार्च

चि. खटपटी हिस मावशीचे अ. उ. आ. (या खेपेस एक कमी),

काल, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या वस्तूंना हात लावायला मला कुणी सांगितलं होतं, असं तू फोनवर विचारलंस आणि उत्तर न ऐकता फोन आपटलास. म्हणून हे लेखी.

त्या वस्तू शनिवारी तूच माझ्या जेवणाच्या टेबलावर टाकून गेलीस. झुरळाएवढा रोबो आणि डबीत त्याच्या पायांच्या सहा बारीक स्प्रिंगा, न विंचरलेल्या केसांसारख्या. अडतीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. असली अवस्था मला बघवत नाही. मी त्या ओढून सरळ केल्या. धुवायला गरम पाण्यात टाकल्या, तर पुन्हा वेटोळं. पुन्हा सरळ केल्या, पुन्हा तेच. माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या तारा मी प्रथमच पाहिल्या. मग एकेक तार विणायच्या पोलादी सुईला ताठ बांधली, गॅसवर लालबुंद केली आणि गार पाण्यात बुडवली. आता उकळत्या पाण्यातही सरळ राहतात. याचे आभार मानायचे असतात.

तुझ्या आईला सगळं कळवलं आहे.

तुझी (अजून तरी) मावशी

शनिवार, ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

फोन आपटल्याबद्दल माफ कर. आईनेही आपटला, माझ्यावर.

त्या तारा साध्या नाहीत गं. लाल असताना ज्या आकारात धरशील, तो त्या लक्षात ठेवतात. गार असताना कशाही ओढ, वीज सोडून तापवल्या की लक्षातल्या आकाराला परत येतात. माझ्या रोबोला मोटर नाही; वेटोळं आखडलं की पाय ओढला जातो, एवढंच त्याचं चालणं. ते वेटोळं शिकवायला मला तीन आठवडे लागले. तू एका दुपारीत पुसून टाकलंस. आमच्या प्रयोगशाळेची भट्टी बिघडली आहे आणि शुक्रवारी, पंधराला, प्रात्यक्षिक आहे. रोबो चालला नाही तर हे काम शेजारच्या गटाला जाईल आणि मी त्यांची टेबलं पुसत बसेन.

पण वैतागून मी तुझी एक तार रोबोच्या पायात वाकवून बसवली आणि वीज सोडली. ती इतक्या जोरात सरळ झाली की रोबोच्या लाथेने साहेबांचा चष्मा खाली पडला. आता सहाही तशाच बसवते आहे. आचेवर नेमक्या किती वेळ धरल्या होत्यास, ते कळव. आणि प्रात्यक्षिकाला ये. मागे बस, कुणाची कॉलर नीट करू नकोस.

माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची

शनिवार, १६ मार्च

चि. खटपटी हिस आशीर्वाद. किती, ते पुढे ठरेल.

काल मी मागे बसले. कॉलर एकच नीट केली, ती तुझ्या साहेबांची, आणि ते थँक्यू म्हणाले. रोबो आधी मिनिटाला वीतभर सरकायचा म्हणे; काल तो टणाटण उड्या मारत पायरीवरून खाली गेला आणि शेजारच्या गटाची तोंडं बघण्यासारखी झाली. काम तुझ्याकडेच राहिलं. मला आनंद झाला. तो अकरा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत टिकला.

त्या वेळी साहेबांनी तारा कुणी केल्या असं विचारलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस की घरी अपघाताने झाल्या. अपघाताने बशी फुटते. मी त्या तारांना दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा बांधून तापवलं. याला शिस्त म्हणतात, आणि ती मी शुद्धीवर असताना लावली.

निघताना साहेबांनी मला सांगितलं की तुझ्या अहवालाची ते वाट पाहताहेत, आणि अशा आणखी बारा तारा हव्यात. किती वेळ आचेवर धरायच्या, हे तू विचारलं होतंस. मला ते सेकंदापर्यंत ठाऊक आहे. मात्र तारा शिवणकामाच्या एका निवृत्त शिक्षिकेने जाणूनबुजून घडवल्या, हे वाक्य अहवालाच्या पहिल्याच पानावर घातल्याची प्रत, तुझ्या सहीनिशी, बुधवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे. फोन चालणार नाही.