मोठ्याला सोडा

गूताच्या बागा, दमास्कसजवळ
मे १९२६, पहिला आठवडा

प्रिय बदरिया ताईस,

नायिफचा सलाम. भावजींना सलाम, पोरांना पापे. मी बरा आहे, तुम्हीही सगळे बरे असाल.

अक्षर बघून हसू नकोस. शाळेत दोनच हिवाळे गेलो, तेही शेगडीच्या उबेला. नंतर हैफाला पळालो, तिथे रेल्वेचे रूळ उचलायला अक्षर लागत नव्हतं. इथे मात्र लागतं. आमचे सेनापती हसीब बेग पूर्वी तुर्कांच्या फौजेत अधिकारी होते, त्यामुळे त्यांना कागदाशिवाय काही सुचत नाही. आपल्या डोंगरात एका हाकेत जे होतं त्याला इथे हुकूम लिहितात, शिक्का मारतात, आणि तो घेऊन मी घोडीवरून या बागेतून त्या बागेत. पोरं मला टपाल्या म्हणतात.

"आला टपाल्या. आज काय बंद केलं बेगनं?"

"रात्रीची चूल."

"परवा कोंबड्या बंद, काल तंबाखू बंद. उद्या श्वासाची परवानगी घेऊन ये बाबा."

जर्दाळू अजून हिरवेच आहेत. मीठ लावून खातात आणि मग पोट धरून बसतात. त्यावर अजून हुकूम निघालेला नाही.

एक हुकूम मात्र कडक आहे. माणूस गेला तर त्याची बातमी घरी कळवायची नाही, लढाई संपेपर्यंत. हिवाळ्यात आपल्या लोकांनी काय केलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. एक चांगला माणूस पडला आणि गावोगावचे तीनशे जण बंदुका घेऊन त्याच्या मातीला निघून गेले. दुखवट्याच्या रांगेत उभं राहायला नको का? ते डोंगरात रांगा लावून उभे होते, आणि इकडे फ्रेंचांनी रिकामा पूल घेतला. म्हणून हा हुकूम. पत्रंही सगळी कारकून अदीब वाचतो, त्याला नको ते खोडतो. हेही वाचेल. अदीबभाऊ, सलाम.

दादाचं विचारलंयस. जादल्ला दादा कालव्यापलीकडच्या अक्रोडाच्या बागेत आहे. तिकडे सावली चांगली आहे. त्याला लिहायला जमत नाही, हे तुला माहीतच आहे.

आईला सांग, मी जेवतो.

तुझा नायिफ

---

त्याच बागा, आठवड्यानंतर

ताई,

हे पत्र अदीबनं वाचलेलं नाही. ताकवाली उम्म दाऊद आपल्या बाजूला येते आहे, तिच्या घागरीखालच्या फडक्यात बांधून देतोय. तू एकटी असताना वाच.

परवा सकाळी पिठाच्या खेचरांबरोबर आईचा अर्ज आला. शेखसाहेबांकडून लिहून घेतलाय. तुला तिनं सांगितलं होतं का? ज्या घरातले दोघे लढाईत आहेत त्या घरानं एकाला परत मागावं, अशी बेगची मुभा आहे, हे तिनं कुठून ऐकलं कोण जाणे.

सकाळी बेग झाडाखाली बसतो आणि अदीब आलेली पत्रं मोठ्यानं वाचतो. मी घोडीचा लगाम धरून तिथेच असतो. अदीबनं वाचायला घेतलं. "माझे दोन मुलगे तुमच्याकडे आहेत. धाकट्याला ठेवून घ्या, तो कधीच घरात टिकला नाही, तुमच्याकडेच त्याचं मन रमेल. मोठ्याला सोडा. शेत त्याच्या हाताला ओळखतं."

मला वाईट वाटलं नाही, ताई. खरंच आहे ते. मी तिच्या जागी असतो तर हेच मागितलं असतं.

बेग म्हणाला, "द्या. बाई सरळ बोलते. लिही, जादल्लाला सोडा."

अदीबनं लेखणी उचलली नाही. "बेग, याला आता सोडता येणार नाही," म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं.

बेगनंही बघितलं. "तू त्याचा कोण?"

"धाकटा," मी म्हणालो. "ठेवून घ्या म्हटलंय तो."

बेग उठला, निखाऱ्यावरचं भांडं स्वतः घेतलं आणि माझ्यासाठी कॉफी ओतली. कडू, साखरेचा कण नाही. मी प्यायलो आणि कप परत दिला. कप परत देताना आपण "दायमे" म्हणतो, तुमच्या घरी असंच कायम राहो. फक्त सुतकाच्या घरी म्हणत नाही. मी म्हणालो नाही. त्यानंही वाट बघितली नाही. कप पालथा घातला.

दादाचा तेवढाच दुखवटा झाला, ताई.

फ्रेंचांचं विमान बॉम्ब टाकून गेलं त्या दिवशी तो खेचरांना पाणी पाजत होता. मागच्या पत्राच्या आधीच झालं होतं ते. अंघोळ घालता आली नाही. रांगेला आम्ही तिघे, त्यातला एक ख्रिश्चन न्हावी. त्यानं आपल्या लोकांसारखे हात छातीवर बांधले, कोणी शिकवलं माहीत नाही. दादाचा चेहरा चांगला होता, हे आईला सांग. हे खोटं नाही.

तर परवा, कॉफी झाल्यावर बेग म्हणाला, "तू जा घरी. अदीब, नाव बदल."

मी विचारलं, "आणि आईला काय सांगू?"

"मोठ्याला मी सोडलं नाही असं सांग. हसीब बेग दगड आहे म्हण. शिव्या मला पडू देत."

"लढाई संपल्यावर?"

"तेव्हाही मलाच देऊ दे."

मला राग आला होता. आमच्या मेलेल्या माणसावर याचा शिक्का का, असं ओठांवर येत होतं. नंतर अदीबनं बाजूला घेऊन सांगितलं. बेगचा भाचा फेब्रुवारीत गेला. बहिणीला त्यानं अजून कळवलेलं नाही. ती दर महिन्याला त्या पोरासाठी लोकरीचे मोजे पाठवते आणि बेग ते पहारेकऱ्यांना वाटून टाकतो. माझ्या पायातला जोड त्यातलाच निघाला. मी काढून ठेवले. मग पुन्हा घातले, पाय गार पडले होते.

तो चूक आहे असं मला म्हणता येत नाही. उद्या ही बातमी डोंगरात पोचली तर आपले चुलते, मामा, सगळी गावं मातीला निघतील, आणि कालव्यावर कोणी राहणार नाही. आणि तरी मी हे तुला लिहितोय. पकडलं तर मला काय होईल ते मी इतक्यांना वाचून दाखवलंय की पाठ आहे. ही गोष्ट तू आणि आई, दोघींतच ठेव. रडायचं ते घरात, दार लावून. कोणी विचारलं तर म्हणा, जादल्लाला बेगनं ठेवून घेतलं.

पण आईशी मी ते बोलू शकणार नाही. मी पोलिसांना, मुकादमांना, तुलासुद्धा खोटं सांगितलंय, माझं काही अडलं नाही. तिनं मोठ्याला मागितलं आणि दारात मी उभा, आणि वर सांगू की त्याला बेगनं ठेवून घेतलंय, थोडी वाट बघ? ती बघेल, ताई. तिला ते चांगलं येतं. माझीही कितीतरी वर्षं बघितली तिनं.

म्हणून तू आजच माहेरी जा. भावजींना सांग, आईचे गुडघे दुखतायत. तिला जवळ बसव आणि मी पोचायच्या आधी सांग. कॉफी करून दे, कडू. बाकी तिला कळेल.

मी शुक्रवारच्या आसपास पोचेन, दिवसाउजेडी, पायी. मी येईन तेव्हा तिनं मला बघून रडावं, मारावं, घरात घेऊ नये, काहीही करावं. फक्त माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघू नये.

धाकटा असं लिहायला गेलो, पण मोठा आता नाही.

तुझा भाऊ,
नायिफ