कोरडा ठोका

१४ जुलै

चि. छकुलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, दोन्ही पिल्लांना पापा.

इकडे सगळं बरं आहे. तिकडेही असेलच, तरी लिहून कळव. धाकट्याचं डोकं खिडकीच्या गजांतून जात नाही ना, हे एकदा टेप लावून बघ. जावईबापू हसतील. हसू दे. डोकं अडकलं की हसणारे पळून जातात आणि साबण शोधायला म्हातारेच लागतात.

पत्र बघून दचकू नकोस. मध्यंतरी फोन लागला नाही, कारण तो बादलीत पडला होता. आता वाळलाय. पण फोनवर तू आधी रडतेस, मग रागावतेस, मग 'जेवलात का' विचारतेस आणि मी 'बरं आहे' म्हणून ठेवून देतो. सांगायचं ते तोंडातच राहतं. कागदाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही. अक्षराला मात्र नावं ठेवू नकोस. जेवढी शाळा पाहिली त्या मानाने हे चांगलंच आहे.

तापाची साथ उतरली म्हणतात. शाळेच्या वर्गांत दवाखाना उघडला होता, तिथल्या बऱ्याच खाटा रिकाम्या झाल्यात. माझा काही विश्वास नाही. मी अजून पाणी उकळतो, गाळतो आणि पुन्हा उकळतो. तळमजल्यावरची शिंपीणबाई म्हणते, "काका, त्या पाण्यात आता पाणी तरी उरलंय का?" या बाईची जीभ तिच्या कात्रीहून धारदार आहे. पण साथीत सगळा जिना तिनेच सांभाळला, हे कबूल करायला हवं.

तुला माहीत आहे, आमच्या जिन्यावर एकावर एक चारच घरं, आणि पाण्याचा जुना लोखंडी पाइप चारही स्वयंपाकघरांतून वर जातो. साथ सुरू झाली तसं कुणी कुणाच्या दारात जाईना. एखाद्या घरात सगळेच आडवे झाले तर कळणार कसं? तेव्हा शिंपीणबाई अंगणात उभी राहून वर ओरडली, "रोज सकाळी उठल्यावर पाइपावर एक ठोका मारायचा! खालून वर, ओळीने! ठोका आला म्हणजे घर उभं आहे. नाही आला तर शेजारच्या मजल्याने जाऊन बघायचं." ज्या घरात ताप शिरेल त्या घराचं जेवण बाकीच्यांनी करायचं, डबा दारापुढच्या स्टुलावर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे सरायचं. अशी रीत बसली.

शिंपीणबाई कात्रीने ठोका मारते, तो कडक येतो. तिच्या वरचा रंगारी डब्याचं झाकण आपटतो, तो पसरट. मग मी. लाँड्रीच्या बॉयलरवरून निवृत्त होताना पाना घरी आणला होता ना, त्याने मारतो. आणि माझ्या वरती नर्सबाईचं घर. ती बिचारी साथ आल्यापासून शाळेतच राहते, घरी येत नाही. घरी नवरा, तो बस चालवतो, आणि दोन मुली. थोरली गंभीर, आणि धाकटी सदानकदा गुणगुणत असते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. भुंगा चमच्याने ठोका मारते आणि पुढे त्याला टिणटिण अशी शेपटी लावते. शिंपीणबाई खालून ओरडायची, "अगं, एकच ठरलाय!" वरून उत्तर, "एकच मारला! बाकीचा आपोआप वाजतो!"

तुला शब्द दिला होता की साथ संपेपर्यंत उंबरठा ओलांडणार नाही. नाही ओलांडला. म्हणजे उगाच नाही ओलांडला. कचरा ठेवायला तर जावंच लागतं.

रस्ते मोकळे झाले की तू मला कायमचं न्यायला येणार, हे लक्षात आहे. सामान आवरायला घेणार आहे. जरा अंगात ताकद आली की. घाई करू नकोस, साथ उलटतेही. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं तुझी आई मला उद्देशून म्हणायची, पण सावध राहिलेलं काय वाईट?

बाकी सगळं बरं आहे.

तुझे,
बाबा

ता. क. पत्र इथेच थांबवतो. भुंगा कंगवा घेऊन उभी आहे, तिची वेणी सुटली आहे.


२५ जुलै

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या पाकिटात दोनच ओळी. 'बाबा, फोन बादलीत कसा पडला? आणि भुंग्याची वेणी तुम्ही का घालताय?' अगदी आईवर गेली आहेस. तीही असंच दोन शब्दांत पकडायची आणि मग शांतपणे भाजी निवडत बसायची.

फोन बादलीत पडला नव्हता. सांगतो. आधी शेवट सांगतो म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही. सगळे जिवंत आहेत, मीसुद्धा. आता खाली बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

एका सकाळी ठोके आले. कात्रीचा, झाकणाचा, मग माझा, आणि वरून चमच्याचा. एकच. पुढे शेपटी नाही. मी पाइपाला कान लावून थांबलो. काही नाही. गॅलरीत जाऊन शिंपीणबाईला हाक मारली, म्हटलं वरचा ठोका बरोबर नाही.

"आला ना?"

"आला, पण कोरडा आला."

"काका, ठोका काय खोकला आहे का, कोरडा आणि ओला?"

रंगारीही हसला. म्हणाला, "पोर शहाणी झाली असेल, तुम्हाला त्याचंही दुःख!" त्यांना तरी दोष कसा देऊ? असा आरडाओरडा मी आधीही केला होता. एकदा तर मी स्वतःच ठोका मारायला विसरलो आणि 'दुसऱ्या मजल्याचा ठोका आला नाही हो' म्हणून मीच गॅलरीतून बोंब ठोकली. रंगारी धावत वर आला, तर दार उघडायला मी! तेव्हापासून माझ्या ओरडण्याची किंमत उतरली होती.

घरात आलो. केर काढला. काढलेला केर पुन्हा काढला. बॉयलरवर असताना काटा जागच्या जागी असला तरी आवाज बदलला की मला राहवायचं नाही. बहुतेक वेळा काही नसायचं. तरी उठून बघून यायचो. तसाच उठलो, तोंडाला फडकं बांधलं आणि वर गेलो. उंबरठा ओलांडला तो इथे. रागाव, पण पुढचं वाच.

दार वाजवलं. आतून थोरली म्हणाली, "सगळं बरं आहे, आजोबा."

छकुले, तो 'बरं आहे' मी तिथल्या तिथे ओळखला. तो माझाच होता. रोज फोनवर तुला देतो तोच.

"भुंगा कुठे आहे?"

"झोपली आहे."

लगेच आतून दुसरा आवाज, "मी नाही झोपले! हिने माझा चमचा घेतला!"

थोडा वेळ दोघींची कुजबुज झाली, आणि दार उघडलं. बाप स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर पडलेला. अंग तव्यासारखं तापलेलं, मला ओळखेना. थोरलीने त्याच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवला होता आणि त्याचं पाणी सगळीकडे पसरलं होतं. ती म्हणाली, "बाबा म्हणाले, कुणाला कळू देऊ नका. नाहीतर तुम्हा दोघींना वेगवेगळं नेतील. म्हणून मी ठोका मारला. भुंग्याने मारला असता तर तिने सगळं सांगून टाकलं असतं." केवढी पोर ती! टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत होती, पण रडत नव्हती.

अशा वेळी दारात उभं राहता येत नाही गं. आत गेलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोरलीला हाक मारायला गॅलरीत पाठवलं. या वेळी कोरडा का ओला, कुणी विचारलं नाही. रंगारी अनवाणी शाळेकडे पळाला. गाडी आली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. नर्सबाईने आपल्याच नवऱ्याला खाटेवर घेतलं. तिला घरी येता येत नव्हतं, आणि पोरींना ठेवायचं कुठे, हा प्रश्न. शिंपीणबाईकडे तान्हं नातवंड, रंगाऱ्याच्या बायकोला दिवस गेलेले. पोरींच्या अंगात ताप लपलेला असला तर? सगळे जिन्यात लांब लांब उभे राहून एकमेकांकडे बघत होते. मी म्हटलं, "माझं ओलांडून झालंच आहे. द्या माझ्याकडे." माझा आवाज एवढा ठाम कसा निघाला, देव जाणे.

पोरी एक उशी आणि एक चमचा घेऊन खाली आल्या. पहिल्याच दिवशी मी थोरलीला बजावलं, यापुढे खोटा ठोका मारायचा नाही.

मग काय सांगू! ज्या घरात एका कपाचा चहा व्हायचा, तिथे स्टुलावर डबे मावेनात. रंगाऱ्याकडचं जेवण तिखट, शिंपीणबाईचं आळणी, म्हणून भुंगा दोन्ही एकत्र कालवायची. रंगाऱ्याने दोरीला बांधून खडू वर पाठवले, त्या खडूंनी पोरींनी काढलेलं एक फुलपाखरू आता आमच्या भिंतीवर आहे, माझ्याएवढं. शिंपीणबाईने उरलेल्या कापडांचे फ्रॉक शिवून दाराशी ठेवले. वेणी घालायला मला थोरलीने शिकवलं. तुझी वेणी मी कधी घातली नाही, आईच घालायची. सोपी नसते गं.

आता ते, ज्याच्यासाठी फोन बादलीत पाडला.

एका सकाळी उठलो तो अंगात कणकण, घसा पार बसलेला. मी थोरलीला म्हटलं, "पाना घे आणि नेहमीसारखा एक ठोका मार. उगाच कुणाला घोर नको." तिने माझ्याकडे बघितलं. अगदी तुझ्यासारखं. म्हणाली, "आजोबा, खोटा ठोका मारायचा नाही. तुम्हीच म्हणालात." आणि पाना तिने भुंग्याच्या हातात दिला.

त्या पोरीने पाइप असा बडवला की शिंपीणबाई गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन वर आली, रंगारी अर्ध्या दाढीला साबण लावलेला. डॉक्टर घरी येऊन गेले. दिवसभर दाराबाहेर पाळीपाळीने कुणीतरी बसायचं आणि पोरींकडून माझा ताप विचारायचं. भुंगा ताप वाढवून सांगायची, म्हणजे गोळीबरोबर तिलाही बिस्किट मिळे. तुझा फोन वाजायचा. उचलला असता तर माझ्या घोगऱ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस आणि बंद रस्त्यांवरून पायी निघाली असतीस. शिंपीणबाई म्हणाली, "मी सांगते तिला." मी हात जोडले. तेव्हा म्हणाली, "ठीक. पण बरे झालात की स्वतः लिहायचं." पहिल्या पत्रात लिहिणारच होतो. हात धजला नाही, बादली लिहून मोकळा झालो.

आता मी बरा आहे. बसवालाही आला घरी, वाळून काठी झालाय. परवा नर्सबाई आली. जिन्यात पोरी तिला बिलगल्या तेव्हा सगळे आपापल्या दारात उभे होते. शिंपीणबाई गळ्यातल्या टेपानेच डोळे पुसत होती. मग पोरी उशी घेऊन वर गेल्या. चमचा विसरल्या, तो मी धुऊन ठेवलाय.

साथ गेली, तरी ठोके काही थांबले नाहीत. थांबवा असं कुणी म्हटलंच नाही. आज सकाळी मी जरा उशिरा उठलो तर वरून आरोळी, "आजोबा, पाना!"

छकुले, तुझ्याकडे यायला मी हो म्हटलं होतं ते खरं. तेव्हा इथे माझ्या काळजीला गिऱ्हाईक नव्हतं. भिंतींना किती सांगणार? मी निघणार असं कळल्यावर शिंपीणबाई म्हणाली, "काका गेले तर इथे घाबरायचं कुणी?" सगळे हसले. मीही हसलो. पण जन्मभर ज्या गोष्टीसाठी लोकांची बोलणी खाल्ली, तिच्यासाठी कुणी मला ठेवून घेईल असं वाटलं नव्हतं.

मला इथेच राहायचं आहे. फोनवर हे मला म्हणता आलं नसतं. तू 'बरं' म्हणाली असतीस आणि रडली असतीस, आणि मी लगेच सामान बांधायला घेतलं असतं.

पण तू ये. न्यायला नको, राहायला ये. माझं सामान भरायला रिकामी बॅग आणू नकोस, तुमचे कपडे भरून आण. फुलपाखराशेजारी भिंतीवर अजून जागा आहे.

आणि एक. गेले काही महिने तूही फोनवर 'बरं आहे, बाबा' म्हणतेस. आधी वाटलं, लाइन खराब असेल. पण तो ठोका कोरडा येतो गं. पत्रात विचारत नाही. इथे आलीस की पोरांना भुंग्याच्या ताब्यात देऊ आणि चहा टाकू. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसती बस. फक्त तोवर मला 'बरं आहे' म्हणू नकोस. मीही म्हणणार नाही, खरं असल्याशिवाय.

आज आहे.

तुझे,
खरोखर बरे असलेले,
बाबा