माझ्या हृदयातला सहा टक्के चट्टा

बावडा, मंगळवार, सकाळचे ९.४०

तीर्थस्वरूप महिपतीआप्पांना धाकट्या अजितचा दंडवत. भिगवणला तुम्ही, वहिनी, लेक वैदेही आणि तुमचा मासळीचा गाळा खुशाल असाल. मी जिवंत आहे. पुरावा पुढे जोडतो.

माझ्या हृदयाची भिंत जाड झालीय (एकोणीस मिलिमीटर, गावात 'दोन सेंटिमीटर' सांगतात, ते चूक). त्या स्नायूत चट्टे किती, हे पाहायला डॉक्टरांनी बारामतीला एमआरआय सांगितला. फार निघाले तर छातीत झटका देणारं यंत्र बसवायचं. पंपाच्या जळक्या मोटारी मी बावीस वर्षं नव्या तारेने भरतोय, तेही कुणाच्या हाताखाली न शिकता, त्यामुळे लगेच उमगलं : वाइंडिंग जळाली की करंट वाट चुकतो. फक्त मोटार उघडून बघता येते.

तिथल्या तंत्रज्ञ तेजश्रीताई म्हणाल्या, अंगावर धातू नको. मी चांदीचा करदोडा दाखवून समजावलं, की शुद्ध चांदी चुंबकाला चिकटत नाही. त्यांनी छोटं चुंबक लावलं. आकडा टपकन चिकटला. (करदोडा माझ्या लग्नात तुम्ही दिलेला. मी काही म्हणत नाही.) काढायला गेलो तर आमची सौ. म्हाळसा आडवी आली. "जित्या माणसाची कंबर मोकळी ठेवत्यात व्हय? आधी नवा बांधा, मग ह्यो सोडा!" मग समोरच्या पूजासाहित्याच्या दुकानात काळा रेशमी करदोडा शोधत आम्ही दोघं, पैकी मी दवाखान्याच्या झग्यात, मागून उघड्या. नंबर हुकला तो पाऊण तास.

यंत्रात "श्वास सोडा, धरा" एकोणतीस वेळा झालं. सतराव्या खेपेला अकराऐवजी चौदा सेकंद धरायला लावला. बाहेर आल्यावर तेजश्रीताईंच्या निदर्शनास आणून दिलं. "काका, तुमचे ठोकेच सावकाश पडत होते, मी काय करू?" मधे शिरेतून औषध दिलं. ते चांगल्या स्नायूतून निघून जातं आणि चट्ट्यात रेंगाळतं, म्हणून चट्टा पांढरा उठून दिसतो. माझा सहा टक्के. झटक्याचं यंत्र बसवायची हद्द पंधरा टक्के, तिच्या बराच आत! म्हणून ते तूर्त नको. गोळ्या चालू, वर्षाने पुन्हा तपासणी.

आपला,
अजित

ता. क. १ : हा आजार रक्ताच्या नात्यात, बापाकडून लेकरांत उतरतो. तात्या बेचाळिसाव्या वर्षी उसाला पाणी देताना बसले ते उठलेच नाहीत. आपण उन्हाला दोष दिला. ते ऊन नसावं. शुक्रवारी अकराला तुमची आणि वैदेहीची सोनोग्राफी ठरवलीय, हृदयाची. कारणं सांगू नका.

ता. क. २ : यंत्रात शिरताना मी तेजश्रीताईंचा हात धरला होता. "काका, सोडलात तर सुरू करता येईल," असं त्यांना दोनदा म्हणावं लागलं. तुमच्या तपासणीला हात धरला तरी चालतो, मी विचारून ठेवलंय.