वाघीण आणि चाळीस फॉर्म

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. माझ्या शहाणपणाचा कुठेतरी लेखी पुरावा असावा, एवढ्यासाठीच.

कंपनीचं पत्र आलं. शेवटी आलं! आम्ही विकतो त्या छोट्या गाडीचं एक स्पोर्ट मॉडेल आहे. तीन दारं, सहा गिअर, टर्बो, जमिनीला चिकटून पळणारं. बाहेर सगळीकडे विकतात, फक्त आमच्याकडे नाही. का नाही, म्हणून मी अकरा वर्षांत कंपनीला सव्वीस पत्रं लिहिली. आता म्हणतात, एक गाडी महिनाभर पाठवतो. चाळीस जणांनी 'घेईन' असा फॉर्म भरून दिला तर तुमच्याकडे विक्री सुरू. नाहीतर विषय कायमचा बंद, परत पत्र पाठवू नये.

शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाले, जमलं तर त्या मॉडेलचे प्रमुख तुम्ही, नाही जमलं तर एक तारखेपासून सर्व्हिस काउंटर. सर्व्हिस काउंटर म्हणजे मागच्या अंगाला, जिथे लोक तोंडाने गाडीचे आवाज काढून दाखवतात.

चाळीसच? चारशे आणतो.

५ मार्च, बुधवार

आली. लाल. मी तिचं नाव वाघीण ठेवलं. तिच्या शेजारी आमची नेहमीची छोटी गाडी गोगलगाय दिसते. आणि हल्ली ज्याला त्याला हवी असते ती उंच, चौकोनी मोठी गाडी, तिला मी कपाट म्हणतो. लोक कपाटात बसून ऑफिसला जातात आणि स्वतःला शूर समजतात.

(आमच्या घरी कपाटच आहे. पण तो बायकोचा हट्ट. माझा काही संबंध नाही.)

सगळ्यांसमोर वाघिणीत बसून दाखवलं. उतरायला जरा वेळ लागला. सीट माणसाला चांगली धरून ठेवते, हा गुणच आहे. टायवाल्याने हात दिला. मी मागितला नव्हता. टायवाला म्हणजे माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान सेल्समन, रोज नवा टाय. माझ्या दुप्पट गाड्या विकतो, कारण लोकांना जे हवं तेच विकतो. यात कसलं आलंय कौशल्य?

७ मार्च, शुक्रवार

आज अकरा जण. डेंटिस्ट आला. वाघिणीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, उरलेली दोन दारं कुठायत. मी म्हणालो, तुम्ही दात काढता तेव्हा पेशंट विचारतो का उरलेले कुठायत? तो गेला.

एक जोडपं आलं. त्याचे डोळे चमकले, तिने डिकी उघडली. डिकी बंद झाली तसे त्याचे डोळेही विझले. मग दोघं टायवाल्याकडे.

एका दाढीवाल्याने तिच्यासोबत चौदा फोटो काढले. चालवणार का विचारलं, तर नको म्हणाला, फोटो पुरे.

बाकीचे तेच. ॲव्हरेज किती देते? स्पीड ब्रेकरवर खालून घासेल का? मागे तिघं बसतील का? अरे, वाघीण आहे ती, धर्मशाळा नव्हे. आणि जाताना प्रत्येक जण एकच शब्द टाकून जातो: कळवतो. या शब्दावर बंदी घातली पाहिजे. नाही म्हणायची हिंमत नाही, हो म्हणायची ऐपत नाही, म्हणून कळवतो.

फॉर्म: शून्य. सुरुवात संथच चांगली.

९ मार्च, रविवार

साहेबांची परवानगी काढून वाघीण घरी आणली. घरच्यांच्या तोंडावर फेकायला.

बायकोने खिडकीतूनच विचारलं, आई कुठे बसणार? आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडेच असतात. गुडघे अधू, जीभ धडधाकट. मी म्हणालो, मागे बसतील, ऐसपैस. पुढची सीट वाकवली, सासूबाईंना आत सारलं. गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. वळणावर सासूबाई काहीतरी म्हणाल्या, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. इंजिन अप्रतिम आहे.

मग त्या बाहेर येईनात. मी हात ओढला तर गुडघा अडकला, गुडघा सोडवला तर अंबाडा अडकला. चाळीस मिनिटं. बायकोने त्यांना खिडकीतून चहा दिला. शेवटी मेव्हण्याला बोलावलं. त्याने येताक्षणी विचारलं, भाऊजी, ही गाडी आहे की पिंजरा? दोघांनी मिळून त्यांना काढलं. त्यात माझ्या कमरेत कळ आली. तिची विचारपूस कुणी केली नाही.

सासूबाईंनी अजिबात सहकार्य केलं नाही. सतरा वर्षांत कधी केलंय?

११ मार्च, मंगळवार

एक म्हातारी आली. पांढरे केस, चपट्या चपला, हातात छत्री. निवृत्त नर्स म्हणे. एकटी राहते. वाघिणीजवळ उभी राहून विचारते कसली, तर तिसऱ्या गिअरमध्ये खालून उचलते का, आणि वळणावर मागची बाजू जागेवर राहते का.

कुणीतरी पढवून पाठवली असणार. मी तिला गोगलगायीकडे नेलं. आजी, ही बघा, ऑटोमॅटिक, सीट उंच, धरायला हँडल. तर म्हणाली, आजी नाही, सिस्टर म्हणायचं. आणि ड्रायव्हर दांडी मारायचा तेव्हा हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स तीच चालवायची म्हणे, एकोणीस वर्षं. लोक काय वाटेल ते सांगतात.

चालवून बघायचीय म्हणाली. मी सांगितलं, चावी साहेबांकडे आहे, साहेब बाहेर गेलेत. चावी माझ्या खिशात होती. पण कंपनीच्या पोस्टरवर गॉगलवाला तरुण आहे, छत्रीवाली म्हातारी नाही. उद्या ती वाघिणीत दिसली तर कोण तरुण फिरकेल? धंद्यात अशी नजर लागते. टायवाल्याकडे ती नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फॉर्म: दोन. एक माझा न्हावी. त्याच्याकडे लायसन्स नाही, पण उत्साह आहे. दुसरा कॉलेजचा एक पोरगा.

दुपारी पोराच्या बापाचा फोन आला. फॉर्म फाडा म्हणाला. वर माझी अक्कल काढली. फाडला.

फॉर्म: एक. टायवाल्याने या आठवड्यात सात कपाटं विकली. बाजारात एवढे घाबरट लोक एकाच वेळी कुठून आले?

संकल्प: उद्यापासून चिडायचं नाही.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १

चिडलो.

१७ मार्च, सोमवार

मार्ग सापडला. कंपनीला काय हवंय? चाळीस माणसं. माणसं आहेतच. त्यांना स्वतःचं मत नाही, एवढीच अडचण आहे. मग अक्कल असती तर ज्यांनी फॉर्म भरला असता, त्यांचे फॉर्म त्यांच्या वतीने मी भरले तर ती फसवणूक नाही. ती दूरदृष्टी.

पहिला फॉर्म माझा स्वतःचा, खराखुरा, फोन नंबरासकट. मग मेव्हणा, डेंटिस्ट, दाढीवाला, बायकोच्या भिशीतल्या चौघी, माझे शाळेतले जुने मास्तर (बहुधा हयात असावेत), सासूबाई. अभिप्रायाच्या रकान्यात सासूबाईंच्या वतीने लिहिलं: 'उतरावंसंच वाटत नाही.'

फोन नंबर सगळ्यांचे पाठ कसे असतील? शेवटचे चार आकडे अंदाजाने. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

एकूण चाळीस. साहेबांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. साहेब एकदा गठ्ठ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. भारावले असावेत. पाठवून दिला कंपनीला.

२० मार्च, गुरुवार

ती छत्रीवाली परत आली. साहेब आले का म्हणे. सांगितलं, आता उपयोग नाही, चाळीस पूर्ण झाले. ती वाघिणीच्या टपावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मग कंपनीचा पत्ता मागितला. दिला आनंदाने. ब्याद टळली.

मेव्हण्याला अजून त्याच्या फॉर्मबद्दल बोललो नाही. सरप्राइज.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११

कंबर पुन्हा धरली. फरशीवर उताणा पडून लिहितोय, खाली गरम पाण्याची पिशवी. बायको म्हणते, रोज त्या पिंजऱ्यात वाकून शिरता, दुसरं काय होणार. तिला मेव्हण्याने पढवलंय.

मघाशी कुठल्यातरी सर्व्हेवाल्या बाईचा फोन. गाड्यांबद्दल दहा मिनिटं आहेत का म्हणाली. उठता येत नव्हतं, म्हणून दिली. घरात किती माणसं, कोणती गाडी, वगैरे. मग विचारलं, स्वतःच्या पैशाने तीन दारांची, बुटकी, स्पोर्ट गाडी घ्याल का?

मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, बाई, मला काय वेड लागलंय? सासूबाई एकदा बसल्या तर चाळीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत, खिडकीतून चहा द्यावा लागला. माझी कंबर गेलीय, हा आत्ता फरशीवर पडलोय पिशवी घेऊन. डिकीत बायकोचं शिलाई मशीन मावत नाही. अशी गाडी बघायला छान, शेजाऱ्याने घ्यावी. संसारी माणसाला उंच गाडीच बरी. आमचं कपाट मी स्वतः पसंत केलंय, बायको तर छोटीच घेऊ म्हणत होती.

बाई म्हणाली, इतकं प्रामाणिक उत्तर आजवर कुणी दिलं नाही. आभार मानले. बघा! लोकांना साध्या प्रश्नाचं सरळ उत्तरसुद्धा देता येत नाही. कळवतो म्हणतात.

२८ मार्च, शुक्रवार

वाघीण ट्रकवर चढवून नेली. चढवणाऱ्याने तिला कुत्र्यासारखं दोराने बांधलं. त्याला चार शब्द सुनावले. त्याने पाच सुनावले. असू दे. आता शेकड्यांनी येतील. नव्या टेबलाची जागा मनात ठरवलीय. टायवाल्याला तिथून हलावं लागेल.

३१ मार्च, सोमवार. दुपारी २.१५

मीटिंग झाली. सगळा स्टाफ. मी इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत.

साहेबांनी कंपनीचा अहवाल वाचला. चाळीस जणांना फोन केले म्हणे. असं करायचं होतं तर आधी सांगायला नको? अडतीस नंबर एकतर अस्तित्वात नाहीत किंवा भलत्याच लोकांचे आहेत. एक अग्निशमन केंद्राचा निघाला. ते बंब घेऊन निघणार होते. न्हाव्याने गाडी चालवता येत नाही असं कबूल केलं. फितूर.

उरला एक. फोन उचलणारा एकमेव माणूस. त्याचं उत्तर अहवालात जसंच्या तसं छापलंय, वर मथळा: 'या बाजारपेठेचं प्रातिनिधिक मत'. साहेब वाचू लागले. 'बाई, मला काय वेड लागलंय?'

मी उसळून उभा राहिलो. म्हणालो, हाच! असल्याच भेकड माणसांमुळे आपल्याकडे चांगली गाडी येत नाही! यांना बघायला वाघीण हवी आणि बसायला कपाट! कोण आहे हा गाढव, नाव सांगा, मी स्वतः त्याच्या घरी जातो.

साहेब म्हणाले, बसा. आणि पुढे वाचत राहिले. सासूबाई. चाळीस मिनिटं. खिडकीतून चहा. गरम पाण्याची पिशवी.

मी बसलो. शिलाई मशीनपर्यंत येईस्तोवर कुणी हसतही नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं. टायवाला खाली बघून टाय नीट करत होता. माझी दया येत होती त्याला. त्याला!

शेवटी एक पुरवणी. कंपनीला या भागातून खरं पत्र एकच आलं. निवृत्त नर्स. गाडी घ्यायची पूर्ण तयारी आहे, दोनदा शोरूमला गेले, चावी मिळाली नाही. साहेबांनी विचारलं, चावी कुणाकडे होती. मी म्हणालो, बघावं लागेल.

विषय कायमचा बंद. परत पत्र पाठवू नये.

१ एप्रिल, मंगळवार

सर्व्हिस काउंटर. खुर्चीला पाठ नाही. सकाळपासून तिघांनी तोंडाने आवाज काढून दाखवले. एकाने तर शिट्टीसुद्धा वाजवली.

साडेअकराला ती आली. स्वतःची जुनी छोटी गाडी घेऊन, छत्रीसकट. तिने आवाज काढला नाही. डावं मागचं चाक, बेअरिंग गेलंय, एवढंच म्हणाली. मेकॅनिकने उघडून बघितलं. बेअरिंगच गेलं होतं. फॉर्म तिने स्वतः भरला. फोन नंबराचे सगळे आकडे खरे.

मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. अकरा वर्षं ज्या गिऱ्हाइकासाठी पत्रं लिहिली ते समोर येऊन उभं राहिलं, आणि मी त्याला धरायचं हँडल दाखवलं.

लाल गाडी गेली का, असं तिने विचारलं. गेली, म्हणालो. ती मान हलवून छत्री उचलून निघाली. दारापर्यंत जाऊन वळली. साहेबांकडून चावी मिळाली का हो शेवटी?

माझा हात कोटाच्या खिशात होता. वाघिणीची दुसरी चावी तिथेच राहिलीय, परत करायची विसरलो. हाताला लागत होती.

मी म्हणालो, बघतो, सिस्टर. कळवतो.