हाल्वोरचा कूलर

प्रिय हाल्वोर,

आपण एकमेकांना पत्रं लिहिणारी भावंडं नाही. पण फोनवर हे सांगताना मी मध्येच गप्प झाले असते आणि तू हवामानाचं विचारलं असतंस. म्हणून कागद घेतला.

बाबांना या शरदात पुन्हा बीअर करायची आहे. वसंतात घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला, हे आत्याने तुला कळवलंच होतं. आता ते पाटीवर लिहितात, आणि पाटीवरही सूर तोच आहे. मी बर्गनहून आले तेव्हा लिहिलेलं होतं, "तू उष्णतेचं शिकलीस. रस गार करायला काहीतरी बघ." जवाच्या उकळत्या रसाच्या किटल्या ओढ्यापर्यंत नेऊन पाण्यात उभ्या करायच्या, एवढं बळ त्यांच्यात आता उरलेलं नाही.

नोकरीत मी जहाजांच्या इंजिनांसाठी जे करते तेच इथे केलं, गार करायचे प्रकार तोलून पाहिले. तांब्याच्या नळीची कॉइल हंड्यात बुडवायची आणि आतून ओढ्याचं पाणी सोडायचं, हे हळू होतं, पण सगळं डोळ्यांसमोर असतं आणि धुवायला सोपं. नळीत नळी घातलेला प्रकार वेगवान, पण आत काय साचलंय ते दिसत नाही. आपलं यीस्ट तर नुकत्याच काढलेल्या दुधाइतक्या कोमट रसातच टाकायचं असतं. फार गार करायची गरजच नाही. मी कॉइल म्हटलं. शेजारचे श्यूरकाका कुंपणापलीकडून ऐकत होते. म्हणाले, "इंजिनिअर बाई, एवढं शिकून शेवटी पाइपच वाकवणार होय?" बाबा हसले. आवाज नसलेलं हसू बघायची मला अजून सवय झालेली नाही.

तिसऱ्या प्रकाराचं, पातळ पत्रे एकाला एक जोडून केलेल्या कूलरचं, नाव मी घेतलं नाही. तुझ्या पहिल्या पगारातून तू तोच आणला होतास, आणि आत्याच्या लेकीच्या लग्नाची बीअर आंबली होती. पाहुण्यांदेखत बाबा म्हणाले होते, "या घरच्या हंड्याला याने पुन्हा हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी तू उत्तरेला मासेमारीच्या बोटीवर निघून गेलास. त्यानंतर त्या कूलरचा विषय घरात निघाला नाही.

माझं ऐकून बाबांनी नकारार्थी मान हलवली. कोठारात गेले आणि गोणपाटात गुंडाळलेला तुझा कूलर घेऊन आले. मला वाटलं होतं तो केव्हाच भंगारात गेला. मी आतून पाणी सोडलं, मग उलट्या बाजूने सोडलं. दोन्ही वेळा स्वच्छ आलं. तो अनेकदा धुतलेला होता. सोबत हंड्याच्या तोटीच्या मापाची, बारीक तारेची एक गाळणी होती. मी म्हटलं, ही लावली तर चालेल; नाही लावली तर कडवटपणासाठी घातलेल्या हॉप्सच्या फुलांच्या पाकळ्या पत्र्यांत अडकतात आणि तिथेच नासतात. त्यांनी पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होते.

"ही गाळणी हाल्वोरची. लग्नाच्या वेळीही त्याने लावली होती. रस थेंब थेंब येत होता, मला घाई झाली. तो लाकडं आणायला गेला तेव्हा मी काढली."

त्याला सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी घशाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तेव्हा होता की आवाज. ती पाटी त्यांनी पुसलेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे, आणि तेव्हापासून माझ्याशी खुणांनीच बोलतात.

तुला राग येईल. मलाही आला होता, अजून पुरता गेलेला नाही. त्यांच्या वतीने माफी मागायला मी हे लिहीत नाही.

बाबा नाताळ बघतील याची डॉक्टरांना खात्री नाही. ही बीअर, रीतीप्रमाणे, त्यांच्या मयताला येणाऱ्या लोकांसाठी आहे, आणि ती कशी झाली ते त्यांना आधी स्वतः चाखून बघायचं आहे. कूलर मी जोडून ठेवला आहे, गाळणीसकट. पण यीस्ट टाकताना घरच्या माणसाने मोठ्याने आरोळी ठोकायची असते, नाहीतर बीअर निजून राहते. बाबांना आता ते शक्य नाही. मी कोठारात दार लावून ओरडून पाहिलं. श्यूरकाकांच्या कुत्र्याने मानसुद्धा वर केली नाही. लहानपणी तुझी आरोळी तळ्यापलीकडच्या डोंगरावरून परत यायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही हंडा चढवतो आहोत. रस दुधाइतका कोमट झाला की पाणी बंद करायचं आणि थांबायचं, असं बाबांनी खुणेने सांगितलं. कशासाठी थांबायचं, मी विचारलं. त्यांनी खिडकीतली पाटी उचलली आणि तळाशी उरलेल्या जागेत तुझं नाव लिहिलं.

तुझीच,
सुन्निवा