चार दिवसांचं पथ्य

प्रिय धाकट्या,

काल दुपारी तुझ्या दुकानाच्या पायरीवरून न बोलताच परत फिरलो. तू गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होतास आणि कापडाच्या ताग्यांमागे ती गोड सरबताची बाटली होती, अर्धी संपलेली. संध्याकाळची कडू बाटली कुठे असते तेही मला ठाऊक आहे.

आपली एका खोलीची शाळा तपासायला साहेब यायचे, तेव्हा बाई तुलाच उभं करायच्या. तुझी एकच कविता पाठ असायची. पण सूर असा लावायचास की साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि पुढची विचारायचं विसरायचे. मी मागच्या बाकावर, सगळं पुस्तक तोंडपाठ असून गप्प. त्या सुराला मी अजून भुलतो रे. पण रक्ताच्या तपासणीलाही तू तेच करतोस. आधीचे चार दिवस साखर बंद, दारू बंद, पहाटे फिरणं. रक्तातली चरबी, ते ट्रायग्लिसराइड, उतरतं, तू रिपोर्ट फडकवत येतोस, 'बघ दादा, विशीतल्या पोराचं रक्त आहे.' पाचव्या दिवशी पुन्हा बाटलीशी गट्टी.

तिकडे तुझी बायको चमच्याने तेल मोजते, तुझ्या जोडीला स्वतःही बेचव भाजी गिळते. परवा मला म्हणाली, 'दादा, जीव विटला माझा, पण यांचं रक्त सुधारलं बघा.' मला मान वर करवेना. तेलावर सगळा पहारा आणि साखर मागच्या दाराने आत.

आपले वडील मशीनवर बसल्या बसल्या गेले, सुईखाली बाही अर्धी शिवलेली. रक्तात काय साठतंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुला सगळं सांगितलेलं आहे, म्हणून तुझी चीड येते.

डॉक्टरीणबाई तुझी चरबीची गोळी बंद करणार आहेत, हे तू मला पहिला नंबर आल्यासारखं सांगितलंस. म्हणून आज सकाळी त्यांच्याकडे जाऊन बाटल्या, चार दिवसांचं पथ्य, सगळं सांगून आलो. गोळी चालू राहील. यापुढे तपासणीची तारीख तुला आधी कळणार नाही. आदल्या रात्री तुझ्या बायकोला फोन येईल आणि सकाळी उपाशीपोटी जायचं. तिलाही मीच सांगितलं. रडली नाही. गॅस बंद करून नुसती बसून राहिली. आता मला चहाडखोर म्हण, घरभेद्या म्हण. आयुष्यभर अबोला धर माझ्याशी; फक्त ते आयुष्य जरा लांबव.

तुझाच, तुला आता नकोसा झालेला,
दादा